मार्गशीर्षातला मासळीचा वास

कसबा पेठेतल्या एका वाड्यातून फोन आला तो एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडतो म्हणून. "रोज पहाटे पडतो. जरा मोठा टाकून द्या, ३२ चा." फोनवरच रोग आणि औषध दोन्ही सांगून मोकळं होणारं गिऱ्हाईक पुण्यात नवीन नाही. पारा दहाच्या खाली गेला की वर्षभर माळ्यावर पडलेले हीटर खाली येतात, आणि जुन्या वायरिंगवर कधी नव्हे तो भार एका रात्रीत येतो. मी वायरमन, डिसेंबरात माझी निम्मी कामं याचीच.

वाडा सागवानी खांबांचा, वर लाकडी तक्तपोशी. भाडेकरूंच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर. घरात बाळंतीण, म्हणून आतली खोली बंद करून ऊबदार ठेवलेली. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली. २००० वॉटचा कॉइलचा हीटर पेटलेला आणि त्याच्यासमोर खुर्चीच्या पाठीवर बाळाची दुपटी वाळत टाकलेली. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी चाललेली. गोधडीचं टोक निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर लोंबत होतं. मी आधी ते टोक वर खोचलं, खुर्ची चार हात मागे सरकवली, मग हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

एमसीबीचं कोडं सोपं होतं. हीटर घेतो जवळजवळ ८.७ अँपिअर. पहाटे मोरीत १५०० वॉटचा रॉड लागला की आणखी ६.५. अख्खं घर मात्र १० अँपिअरच्या एकाच एमसीबीवर. एवढ्या भाराला तो लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून वाकायला थोडा वेळ लागतो. म्हणूनच फोन करणाऱ्या काकांची तक्रार होती, "पाणी अर्धं तापलं की नेमका पडतो."

"काका, भिंतीवरची वायर दीड एमएमची आहे. ३२ चा टाकला तर तो गप्प बसेल आणि वायर तापत राहील. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "शनिवारवाडा १८२८ साली जळाला, तेव्हा कुठला हीटर होता हो?"

"एमसीबी पण नव्हता," मी म्हटलं.

तेवढ्यात आजी मध्ये पडल्या. "त्या डबीचं राहू दे रे. रात्री घरात मासळीचा वास येतो, त्याचं काय ते बघ. आता खालच्यांना सांगायचं तरी कसं?" खालच्या वहिनी नेमक्या जिन्यात होत्या. तिथूनच उत्तर आलं, "आजी, आमच्याकडे मार्गशीर्ष पाळतात. महिनाभर घरात अंडंसुद्धा आलेलं नाही!"

मी कान टवकारले. स्विच-सॉकेटचं काही प्लॅस्टिक, विशेषतः युरिया फॉर्मल्डिहाइडचं, फार तापलं की त्याला चक्क मासळीसारखा वास सुटतो. आमच्या धंद्यात हा वास आला की हातातलं काम टाकून आधी सॉकेट शोधायचं.

हीटरची वायर फडताळामागे गेली होती. मेन बंद करून फडताळ ओढलं. जाड पिनांचा प्लग दुकानात मिळतो तसल्या कन्व्हर्जन प्लगमधून दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घातलेला. हात लावला तर चटका बसला. ओढून काढला, तर एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं भोक वितळून पसरलेलं. सॉकेट जुन्या लाकडी बोर्डावर, बोर्ड लाकडी पट्टीवर. बोर्ड उघडला तर मागचं लाकूड रुपयाएवढं कोळसा झालं होतं.

इथे एमसीबी काही करू शकत नव्हता, मोठा असो वा छोटा. पिन सैल बसली की तेवढ्याच जागी अडथळा वाढतो आणि तेवढीच जागा तापते. करंट तोच ८.७, त्यामुळे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. खालच्यांवर आळ घेऊन का होईना, आजी वासाबद्दल बोलल्या म्हणून बरं.

पुढचं काम नेहमीचं. मीटरजवळून ४ एमएम तांब्याची वेगळी लाइन, हीटरला १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याचा स्वतंत्र एमसीबी, रॉडला तिसरी लाइन, आणि मोरीत पाणी म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका. कन्व्हर्जन प्लग मी परत दिला नाही.

खरी घासाघीस झाली ती शेगडीवरून. "आम्ही काय शेगडीशिवाय बाळंतपणं काढली?" आजींचं म्हणणं खोटं नव्हतं, पण तेव्हा खिडक्यांच्या फटींतून वारा खेळत असे, आता तिथे कागद आहेत. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला ना रंग ना वास, मासळीसारखी वर्दी तो देत नाही. आजी काही बधल्या नाहीत. मग बाजेवरून सूनबाईच हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी माझं डोकं ठणकतं आणि मळमळतं." घरात एकदम शांतता. काकांनी स्वतः उठून खिडकीतले कागद काढले. मी म्हटलं, आज डॉक्टरांच्या कानावरही घाला. ठरलं ते असं: धुरी दिवसा, खिडकी उघडी ठेवून, पाच-दहा मिनिटं, नंतर शेगडी गॅलरीत. रात्री गरम पाण्याची पिशवी, आणि सगळे झोपण्याआधी हीटर बंद. "बाळाला टोपडं घालते मी दोन-दोन," आजी म्हणाल्या. ही तडजोड की टोमणा, मला कळलं नाही.

राहिला जिन्याखालचा सामाईक बोर्ड. जुने किटकॅट फ्यूज, आणि त्यात फ्यूज वायरच्या जागी पिळलेली जाड तार, भार वाढला तरी न वितळणारी. वाड्याचा बोळ असा, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. अग्निशमनची गाडी रस्त्यावरच थांबणार. मालक म्हणतात भाडेकरूंनी करावं, भाडेकरू म्हणतात मालकांनी. मी खर्चाचा अंदाज दोघांनाही लिहून दिलाय. मालकांचा काही निरोप नाही. काकांनी मात्र त्यातले केसिंग-पट्टीचे पैसे जास्त लावल्याचं कळवलं आहे.