चंद्रावर उतरताना ब्रेक कधी मारायचा: सिम्युलेशनची प्रगती

या खेपेला आडवा वेग बाजूला ठेवला आणि नुसतं सरळ खाली येणारं लँडर घेतलं. 800 मीटरवर स्थिर, वजन 900 किलो, इंजिनाच्या पूर्ण जोराचं त्वरण 4 मीटर प्रति सेकंद वर्ग, धुराड्यातल्या वायूचा वेग सेकंदाला 2.8 किमी. इंधन जळून वजन घटतं, त्याने त्वरणात पडणारा फरक तूर्तास सोडला.

सुरुवातीला आणि शेवटी वेग शून्य असला, की डेल्टा-व्ही (इंजिनाला एकूण जेवढा वेग बदलावा लागतो तो) म्हणजे चंद्राचं गुरुत्व-त्वरण 1.62 गुणिले अधांतरी काढलेले सेकंद. सगळा हिशेब वेळेचा! 10 मीटर प्रति सेकंदाने सावकाश उतरवलं तर 85 सेकंद आणि 43 किलो इंधन. इंजिन बंद ठेवून पडू दिलं आणि 324 मीटरवर पूर्ण जोर लावला, तर 41 सेकंदांत 21 किलोंत काम होतं. आधी शून्य, मग पूर्ण: पोंट्र्यागिनच्या तत्त्वावरून (सर्वात किफायती नियंत्रण शोधायचा गणिती नियम) संशोधक मेडिच यांनी 1964 मध्ये मांडलेलं उत्तर हेच.

शेजारचा पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काका, इतक्या उशिरा ब्रेक कायले मारता? नाही लागला तं?"

प्रश्न नेमका होता. जोर 5 टक्के कमी करून चालवलं, तर लँडर सेकंदाला 11 मीटरने आदळलं. मग जोर 90 टक्केच मिळेल असं धरून ब्रेक 360 मीटरवर आणला. इंधन 21.8 किलो, म्हणजे जेमतेम 800 ग्रॅम जास्त. एवढ्या स्वस्तात एवढी खात्री मिळते, हे मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटलं.

महाग पडतं ते थांबणं. एका जागी तरंगताना दर सेकंदाला अर्धा किलो जातं. तरी 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चं लँडर विक्रम 150 मीटरवर थांबलं, कारण खाली दगड-खड्डे आहेत का ते बघायचं होतं. तो खर्च मला पूर्ण पटतो.

आता आडवा वेग जोडतोय, आणि जमीन म्हणून आपलं लोणार घेतोय. बेसाल्टमधलं आघाती विवर, व्यास सुमारे 1.8 किमी. काठ ओलांडताच उंचीमापकाचा आकडा एकदम शंभरावर मीटरनं वाढेल, तेव्हा ब्रेक लावायची उंची कुठून मोजायची? उतरण्याची जागा आधी ठरवून तिथूनच मोजावी, असं माझं मत आहे. कुणी कालमन फिल्टर (गोंगाट असलेल्या मोजमापांतून खरी स्थिती अंदाजायची पद्धत) लावून पाहिला असेल तर आकडे टाका.