तुम्ही विचारलंत म्हणून: चेहरे ओळखतो, मग राग आलाय हे सांगत का नाही?

हे विचारणाऱ्या, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांच्या हातात बहुतेकदा चेहऱ्यांचा तक्ता असतो. हसरा, रडका, रागावलेला. मूल तिन्हींवर अचूक बोट ठेवतं आणि तासाभराने भिंतीवर डोकं आपटतं. "मग शिकला काय?" यातला आरोप मला ऐकू येतो.

तो चित्र ओळखायला शिकला, स्वतःचं अंग ओळखायला नाही. छाती धडधडतेय, कान तापलेत, पोट आवळलंय, हे आतले निरोप अनेक स्वमग्न मुलांना एक तर अंधुक येतात, नाहीतर एकदम अंगावर कोसळतात.

एक दुपार सांगते. साडेचार वर्षांचा मुलगा. घरात पाहुणे, टीव्ही चालू, चटणीसाठी मिक्सर. पहिल्यांदा मिक्सर लागला तेव्हा त्याने शर्टाची बाही तोंडात घातली. दुसऱ्यांदा तो चवड्यांवर उड्या मारत एकच वाक्य घोकू लागला. तिसऱ्यांदा किंचाळला. आईने तक्ता समोर धरला, "दाखव बाळा, राग आला का? कुठला चेहरा?" त्याने तक्ता भिरकावला, तिच्या हाताला चावला, कपाळ फरशीवर आपटलं. सगळे म्हणाले, अचानक झालं. अचानक कसलं? बाही तोंडात गेली तेव्हाच त्याने सांगितलं होतं. तेव्हा मिक्सर बंद करायला दोन सेकंद पुरली असती. आणि अशा वेळी तक्ता दाखवा, हा सल्ला माझाच होता.

आता मी तीन रंगांची पट्टी देते: हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे त्रास सुरू झालाय, लाल म्हणजे स्फोट. पिवळ्यावर त्याच्याच खुणेचा फोटो, बाही तोंडात धरलेला. मूल शांत असताना शिकवायचं, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. जिना चढून आल्यावर छातीवर हात ठेवून "धडधड". बर्फ धरून "गार". पिवळी खूण दिसली की 'बाहेर जायचं' हे कार्ड त्याच्या हातात, आणि लगेच बाहेर, ताट अर्धं असलं तरी. "पाच मिनिटं थांब" म्हणालात की कार्डावरचा त्याचा विश्वास गेला.

लाल झाल्यावर शिकवणी बंद. आवाज आणि दिवे कमी, डोक्याखाली उशी, बोलणं दोन-तीन शब्दांचं, प्रश्न एकही नाही. घट्ट धरणं एरवी आवडत असेल तरच धरा. शांत झाल्यावर पाणी द्या. विचारपूस अर्धा तास तरी नको.

"मग तो कार्ड दाखवून अभ्यास टाळेल." टाळेल, सुरुवातीला. मीही पूर्वी "आधी हे पूर्ण कर" म्हणायचे. पण कार्ड खरंच चालतं, याची खात्री करून घ्यायलाच त्याला काही आठवडे लागतात.

कानांवरचे, आवाज अडवणारे हेडफोन? मिक्सरपुरते, फटाक्यांपुरते जरूर द्या. दिवसभर घातले तर साधे आवाजही जास्त खुपू लागू शकतात, म्हणून मी ते कमी करायला सांगते. तरी एखादं मूल त्यांच्याशिवाय शाळेच्या दारातून आत पाऊल टाकत नाही. त्याला "काढ" म्हणायला माझा धीर होत नाही.