बिग मडी रँचवरची ताटं

माझी लेक गेल्या उन्हाळ्यात महिनाभर एका रँचवर खरकटी ताटं धूत होती. पगार शून्य. घरी स्वतःचा कप टेबलावरून सिंकपर्यंत न नेणारी ही मुलगी तिथे पहाटे उठून शेकडो मुलांच्या नाश्त्यासाठी उभी राहायची, आणि तो आटोपला की रबरी एप्रन बांधून पाण्याच्या फवाऱ्यासमोर. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, यंग लाइफ या ख्रिस्ती संस्थेच्या शिबिरांत ही जुनी पद्धत आहे. हायस्कूलची मुलं आठवडाभर शिबिराला येतात, आणि त्यांच्याच वयाची दुसरी मुलं साधारण महिनाभर राहून त्यांना वाढतात, त्यांची भांडी घासतात, संडास धुतात, चादरी बदलतात. त्या टोळीला 'वर्क क्रू' म्हणतात. लेकीने अर्ज स्वतः भरला होता. आम्हाला कळलं ते सही पाहिजे म्हणून.

पुण्याला आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढची, निवृत्त शिक्षिका, कान अजून तिखट. रँचचा पत्ता ऐकून म्हणाली, "ओरेगन? अँटिलोप? अगं, ती तर भगवानची जागा ना?"

तिला आठवणारच. सत्तरच्या दशकात ती रोज सायकलवरून बंड गार्डनच्या पुलाने शाळेत जायची आणि कोरेगाव पार्कातून भगव्या कफन्यांतले गोरे तरुण-तरुणी गळ्यात माळ घालून समोरून यायचे. पुढे भगव्याचं मरून झालं. आजोबा म्हणायचे, आपल्याला शुभवर्तमान द्यायला यांचे लोक आले, आणि यांची पोरं इकडे गुरू शोधत आली. ते हसून म्हणायचे, पण त्यांना ते लागलेलं असायचं.

तर हो, तीच जागा. १९८१ मध्ये भगवान रजनीश, म्हणजे नंतरचे ओशो, पुणे सोडून अमेरिकेत आले आणि त्यांच्या लोकांनी मध्य ओरेगनमधली बिग मडी नावाची गुरं चारायची रँच ५७ लाख ५० हजार डॉलरना घेतली. ६४ हजार एकर, म्हणजे शंभर चौरस मैल. ओसाड डोंगर, ज्युनिपरची खुरटी झाडं, करडं सेजब्रश आणि खाली दरीत एक ओढा. तिथे त्यांनी रजनीशपुरम नावाचं गाव वसवलं. रस्ते, धरण, विमानांची धावपट्टी, ८८ हजार चौरस फुटांचं सभागृह. शेजारच्या पन्नासेक वस्तीच्या अँटिलोपमध्ये मतं मिळवून १९८४ मध्ये गावाचं नावच 'रजनीश' करून टाकलं. त्याच वर्षी द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. १९८५ मध्ये सगळं कोसळलं, रजनीशांची सचिव शीला तुरुंगात गेली, रजनीश देश सोडून गेले आणि अखेर पुण्यातच, जानेवारी १९९० मध्ये वारले. हे बहुतेकांनी पाहिलं-वाचलं आहे, म्हणून इथेच थांबते. अँटिलोपने जुनं नाव परत घेतलं. तिथल्या पोस्टासमोर झेंड्याच्या खांबापाशी एक ब्राँझची पाटी आहे, त्या काळात टिकून राहिलेल्या गावकऱ्यांसाठी. जाताना थांबून वाचलीच. आजूबाजूला माणूस नाही. पुण्याची बाई ती पाटी वाचतेय हे बघायला कोणी नव्हतं हेच बरं.

पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. रिकामी रँच १९९१ मध्ये डेनिस वॉशिंग्टन यांच्या कंपनीने घेतली. मोंटानाचे उद्योगपती, खाणी, बांधकाम, रेल्वे. रँच चालवून पैसा मिळेल असं त्यांना वाटलं होतं, तो मिळाला नाही. मग राज्याने तिथे उद्यान करावं म्हणून बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी १९९६ मध्ये कुटुंबाने सगळी जागा यंग लाइफला दान केली आणि १९९९ पासून तिथे उन्हाळी शिबिरं भरतात. आधी नाव वाइल्डहॉर्स कॅन्यन होतं, आता वॉशिंग्टन फॅमिली रँच.

शिबिरातले लोक ही हकिगत साक्षीच्या, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याच्या, सुरात सांगतात. अंधाराची जागा होती, प्रभूने उजेडात आणली. मी लहानपणापासून साक्षी ऐकत आले आहे, तो सूर मला ओळखीचा आहे आणि थोडा सावधही करतो. प्रभूची योजना असेलच. पण त्या योजनेत ओरेगनच्या १९७३ च्या जमीन-कायद्याचा हातही चांगलाच दिसतो. शेतजमिनीवर मनाला येईल तसं शहर उठवता येत नाही, हे त्या कायद्याने रजनीशांच्या लोकांना कोर्टात वर्षानुवर्षं ऐकवलं. तो कायदा नसता तर त्या दरीत आज काय असतं कोण जाणे.

माझ्या डोक्यात मात्र प्रश्न वेगळाच होता. फाटकावर कुटुंबाचं नाव आहे, ठीक. ज्याने दिलं त्याचं नाव लागावं. पण शिबिर चालतं कशावर?

यंग लाइफची सुरुवात टेक्सासमधली. जिम रेबर्न हा एका प्रेस्बिटेरियन सुवार्तिकाचा मुलगा. म्हणजे श्रद्धा घरातूनच मिळालेली. तो डॅलसला सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शिकत होता तेव्हा गेन्सव्हिल गावच्या पाळकाने त्याला सांगितलं, जी मुलं चर्चला येतात त्यांची काळजी मी घेतो, तू न येणाऱ्यांकडे जा. १९४१ मध्ये संस्था झाली. मुलांना शुभवर्तमान कंटाळवाणं करून सांगणं हे पाप आहे, असं रेबर्न म्हणायचा. मला हे वाक्य आमच्या नगरच्या काही पाळकांच्या टेबलावर फ्रेम करून ठेवायचं आहे. मुलांना तंबूत आणि शाळेच्या हॉलमध्ये किती दिवस बसवणार, त्यांना डोंगर दाखवू, म्हणून १९४६ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ पहिली रँच आली, स्टार रँच. पैसा शिकागोचे उद्योजक हर्बर्ट टेलर यांचा. रोटरीत जी चार प्रश्नांची कसोटी म्हणतात, ती यांनीच लिहिलेली. म्हणजे श्रीमंताने जागा द्यायची आणि पोरांनी राबायचं ही रीत पहिल्यापासूनच आहे.

मोठ्या माणसांना पाहुणे म्हणून शिबिर बघायला जाता येतं. तशी मी गेले. पोर्टलंडहून निघालं की हिरवं ओरेगन मागे पडतं आणि तीन तासांत नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यासारखा प्रदेश सुरू होतो. अँटिलोपच्या पुढे वीसेक मैल वळणावळणाचा रस्ता, मग एकदम खाली दरीत तलाव, घसरगुंड्या, ओरडणारी पोरं. कोणाच्या हातात फोन नाही. आल्या आल्या काढून घेतात. ते जुनं सभागृह आता खेळांचं आहे. जिथे हजारो माणसं डोळे मिटून बसायची तिथे बास्केटबॉल आपटत होता. आम्हाला फिरवणाऱ्या पोराने जुना इतिहास एका वाक्यात उरकला आणि चढायची भिंत दाखवायला नेलं. त्याचं वय एकोणीस असेल. त्याच्यासाठी १९८५ म्हणजे पानिपत.

रात्री गाणी, विनोदी नाटुकली, मग एक जण उभं राहून येशूविषयी बोलतो. एका रात्री वधस्तंभाविषयी बोलणं झाल्यावर सगळ्या मुलांना बाहेर पाठवतात, एकेकटं, वीसेक मिनिटं, अजिबात न बोलता. शेकडो पोरं अंधारात डोंगरउतारावर पसरून बसलेली. मुंबईतली माणसं जितके तारे आयुष्यात बघत नाहीत तितके वर. हे वातावरण असं रचलेलं असतं की कोणाच्याही मनाला पाझर फुटावा, हे मला बसल्या बसल्या कळत होतं. कळूनही फुटला.

पण मी आले होते ती लेकीला बघायला, आणि ती होती भांड्यांत. स्वयंपाकघराच्या मागे एक लांबट खोली. एका खिडकीतून ताटांचे ढीग आत येतात. पहिला माणूस उष्टं खरवडून डब्यात टाकतो, दुसरा वरून लोंबणाऱ्या फवाऱ्याने धुतो, तिसरा प्लास्टिकच्या जाळीत ताटं उभी लावून यंत्रात ढकलतो. पलीकडून वाफाळत बाहेर येतात, हात लावला की चटका. लेक फवाऱ्यावर होती. केसांना जाळी, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडलेली. जमिनीवर चीज आणि साबण यांचा एक थर. मोठ्याने गाणी चालू. तिने मला पाहिलं, मान हलवली आणि पुढचं ताट उचललं. मला वाटलं होतं, पळत येईल.

तेव्हा मला आजी आठवली. वडाळ्याची, नेवासे तालुक्यातली. आमच्याकडे ही श्रद्धा बायकांच्या बाजूने आली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला. सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींना शिकवलं. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, हे आमच्या घरात वाडवडिलांचं कर्तृत्व असल्यासारखं सांगितलं जातं. पुढे अशाच एका मिशनच्या शाळेत माझी पणजी अक्षरं शिकली आणि बायबलबाई झाली. गावोगाव पायी जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, औषधाच्या पुड्या द्यायच्या. गावकुसाबाहेरच्या घरातली बाई हातात पुस्तक घेऊन वेशीतून आत यायची, हीच त्या काळी केवढी मोठी साक्ष. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. पेटी घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे, टिळकांची पदं म्हणायचे. नारायण वामन टिळकांची. त्यांचं नाव मंडळीत अजून निघतं.

आजीचं नाव निघत नाही. मे महिन्यात मंडळीतल्या तरुणांचं शिबिर भरायचं, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. आजोबा मांडवात, आजी मांडवामागे. तीन दगडांच्या चुलीवर आमटीचं पातेलं, दोघी बायकांनी फडकी धरून उतरवायचं. भाकऱ्या पहाटेपासून. जेवणं झाली की उन्हात बसून राखेने भांडी घासायची, आणि ती घासता घासताच दुपारची प्रार्थना मांडवातून ऐकू येईल तेवढी ऐकायची. आत्या म्हणते, आईने पूर्ण उपदेश असा कधी ऐकलाच नाही, तरी घरात पवित्र शास्त्र तिलाच जास्त पाठ. त्या शिबिरांना ना रँच होती ना देणगीदाराची पाटी. आजोबांच्या कीर्तनाने किती जण विश्वासात आले हे मला सांगता येत नाही, पण आजीच्या हातचं जेवलेले लोक माझ्या लग्नापर्यंत भेटत होते आणि आमटीविषयीच बोलत होते.

सगळं गोड मात्र नाही. समलिंगी नात्यात असलेल्यांना यंग लाइफ कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणून घेत नाही. २०२० मध्ये शिबिरांतून गेलेल्या अनेक तरुणांनी सोशल मीडियावर यासंबंधीचे आपले अनुभव लिहिले. मला हे धोरण पटत नाही. ज्या घरातल्या बाईला एके काळी वेशीतून आत येऊ देत नव्हते, त्या घरातल्या मुलीने कोणाला दाराबाहेर ठेवण्यात हातभार लावावा का, असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, ते मलाही नाही पटत. पण मी आत असले तर बोलू तरी शकते." नवऱ्याचं म्हणणं, आतली माणसं बोलायचं हळूहळू विसरतात. जेवणं अर्धी राहिली. अजूनही हा विषय निघाला की आमच्याकडे भाजी गार होते.

लेक घरी आली तेव्हा हातांना साबणाने भेगा पडलेल्या. कप सिंकपर्यंत जाऊ लागला. पंधरा दिवस टिकलं ते. टिकलं ते दुसरंच. आता ती रविवारी चर्चमध्ये उपासना संपली की कॉफीच्या टेबलामागे जाऊन उभी राहते, कोणी न सांगता. पाळकांच्या बोलण्यातलं काय लक्षात राहिलं विचारलं तर खांदे उडवते.

यंदा पुन्हा अर्ज भरलाय. भांडी नकोत, लाँड्री मिळाली तर बघा, असं लिहिलंय. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "लाँड्री सोपी वाटते होय तिला? शेकडो चादरी, पिळायला जोडीला दोन माणसं लागतील."

"आत्या, मशीन असतं गं."

"मशीन?" आत्या म्हणाली, "मग भांड्यांतच राहू दे तिला."

भांड्यांनाही मशीन आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.