ती ही दे जरा

स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवत होतो. एक खिळा वाकडा गेला, तो उपटायचा होता. बायको खाली अवजारांची पेटी घेऊन उभी. एका हाताने दांडा पेललेला, मान वर, आणि नेमका शब्द पळाला. म्हटलं, "अगं, ती ही दे जरा." तिने मुकाट्याने पक्कड दिली. खिळा निघाला, पण मी स्टुलावरच विचार करत राहिलो. हिला कळलं कसं?

पेटीत एक हातोडा होता, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक टेस्टर, एक पाना, ही पक्कड आणि एक गंजकी करवत. 'तो हा दे' म्हणालो असतो तर तिला पाच जणांतून निवड करावी लागली असती. 'ती ही' म्हटल्यावर उरल्या दोघीच. आणि पडदा लावताना करवत मागण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही. (यावर तिचं मत वेगळं असू शकतं.)

तिचं कोडं सुटलं, माझं नाही. मला शब्दच आठवत नव्हता, मग तो स्त्रीलिंगी आहे हे कुठून आठवलं? लोखंडाच्या दोन जबड्यांत बाईपण कुठलं? वस्तूला लिंग नसतं, शब्दाला असतं. वाट ती आणि रस्ता तो, चालायचं दोन्हींवरून सारखंच. वही ती, ग्रंथ तो, पुस्तक ते. म्हणजे मी 'ही' म्हणालो त्या क्षणी 'पक्कड' हा शब्द अर्धामुर्धा माझ्या ताब्यात होता. त्याचं व्याकरण हाताला लागलं होतं, आवाज तेवढा सापडत नव्हता.

शब्द असा अर्धा सापडू शकतो, हे अभ्यासकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितलं. ज्यांचा शब्द अगदी ओठांवर येऊन अडला, त्यांना तो शब्द सोडून बाकीचं विचारलं. निम्म्याहून अधिक वेळा पहिलं अक्षर बरोबर निघालं. 'सेक्स्टंट' हे खलाशांचं कोन मोजायचं साधन आठवताना कुणाला 'सेक्स्टेट' सुचलं, कुणाला 'कंपास'. एक आवाजाचा शेजारी, दुसरा अर्थाचा. हे शेजारी फार त्रास देतात, कारण ते दारातून हलतच नाहीत. हाकलावं तर पुन्हा तेच हजर.

पण हार्वर्डचे ते विद्यार्थी इंग्रजी बोलणारे. 'ती ही' म्हणायची सोयच नाही त्या भाषेत. माझ्या पकडीचं उत्तर इटालियनमध्ये मिळालं, कारण तिथे प्रत्येक नामाला लिंग असतं. १९९७ मध्ये तिथल्या लोकांवर असाच प्रयोग झाला. शब्द अडला की त्याचं लिंग कोणतं ते विचारायचं. ज्यांना शब्दाचा एकही आवाज सांगता येत नव्हता, त्यांनाही लिंग मात्र नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगता आलं. त्याच्या दोन वर्षं आधी मेंदूच्या आजारानंतर शब्द हरवलेल्या एका इटालियन रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. समोरच्या चित्राचं नाव त्याला सांगता येत नसे, पण ते 'तो' आहे की 'ती', हे तो जवळपास दर वेळी अचूक सांगे. डच अभ्यासक विलेम लेव्हेल्ट यांची मांडणी याला जुळते. बोलताना आपण शब्द दोन खेपांत आणतो. पहिल्या खेपेत अर्थ आणि व्याकरण, दुसऱ्या खेपेत उच्चार. एरवी या दोन्ही खेपा सेकंदाच्या अंशात उरकतात, म्हणून दोन आहेत याचा पत्ता लागत नाही. दुसरी खेप वाटेत अडली की मग आपण स्टुलावर 'ती ही' करत उभे.

इटालियनमध्ये लिंगं दोन, म्हणजे डोळे मिटून ठोकून दिलं तरी निम्मी उत्तरं बरोबर यायची. मराठीत तीन. मला तर वाटतं, आपली भाषा या प्रयोगासाठीच जन्माला आली आहे.

आणि आपलं ते 'हे'! किती गुणी शब्द आहे. नाम हरवलं की नामाच्या जागी बसतो, क्रियापद हरवलं की 'कर' किंवा 'हो'चा हात धरून तिथेही निभावून नेतो. 'ते जरा हे कर.' 'मला कसंतरी हे होतंय.' विभक्तीलाही नाही म्हणत नाही. 'त्या ह्याच्यावरचं ते ह्याच्यात ठेव' या वाक्यात एकाही वस्तूचं नाव नाही, पण व्याकरणात चूक काढून दाखवा. इटालियन लोक असं 'कोझो' म्हणतात आणि त्याचं चक्क 'कोझारे' असं क्रियापद करून चालवतात. जपानी माणूस 'आरे' म्हणतो, म्हणजे 'ते'. इंडोनेशियात 'आनू'. नावाची तात्पुरती जागा धरून ठेवणारा असा शब्द अनेक भाषांनी पाळलेला आहे. चारचौघांत उच्चारायच्या नसतात अशा गोष्टींसाठीही 'आनू' आणि 'हे' दोघेही तितकेच तत्पर, ते असो.

वक्तृत्वाच्या स्पर्धेत या 'हे'चे आणि 'अं'चे गुण कापतात. मला ते अन्यायाचं वाटतं. 'अं' ऐकला की ऐकणारा सावध होतो, आता काहीतरी अनोळखी येणार. दोन-अडीच वर्षांच्या मुलांनाही हे उमगतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात मुलांना पडद्यावर एक ओळखीची वस्तू आणि एक कधीच न पाहिलेली वस्तू दाखवली. बोलणारी व्यक्ती मध्येच 'अं' करून अडखळली, की मुलांची नजर आपोआप अनोळखी वस्तूकडे वळायची. बोलणाऱ्याला जड जातंय म्हणजे शब्द नवा असणार, एवढा हिशेब त्या वयात होतो. शब्द अजून पुरते आलेले नसताना अडखळण्याचा अर्थ आधी कळतो, म्हणजे कमाल आहे.

सगळ्यात लवकर पळतात ती माणसांची नावं. इंग्रजीत 'बेकर' हे आडनावही आहे आणि धंदाही. एकाच चेहऱ्याखाली 'हे बेकर' असं सांगितलं तर लोक विसरतात, 'यांचा धंदा बेकरचा' म्हटलं तर लक्षात ठेवतात. धंद्याला भट्टी, पीठ, पहाटे उठणं असं बरंच काही चिकटलेलं असतं. आडनावाला चिकटलेला असतो तो एकटा माणूस. वय वाढतं तसा हा त्रासही वाढतो, हे मला प्रयोगाशिवाय पटलं आहे.

पडदा लागला. संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, सांगायचं राहिलं. त्या ह्यांचा फोन आला होता."

"कुणाचा?"

"त्या ह्यांचा रे!"

आता इथे माझी युक्ती पांगळी. आदरार्थी अनेकवचन लागलं आणि वर षष्ठी आली, की 'त्या ह्यांचा'मध्ये बाईही मावते आणि पुरुषही. "निदान तो की ती, एवढं तरी सांग," म्हटलं. ती विचारात पडली. मग म्हणाली, "दोघंही. आधी ते बोलले, मग त्यांनी त्यांना दिला."