ऑल्दो आणि बट

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे इंग्रजी कागद मी तपासते. डिसेंबरात एक मुलगी तिच्या सरांनी लिहिलेलं शिफारसपत्र घेऊन आली. अर्ज इंग्लंडला, एम.एस्सी.साठी. दुसऱ्याच परिच्छेदात होतं : 'ऑल्दो शी इज फ्रॉम मराठी मीडियम, बट शी इज क्वाइट गुड अँड टू सिन्सिअर.'

असला 'बट' मी रोज खोडते. आपल्याकडे 'जरी' आलं की मागोमाग 'तरी' येतंच, म्हणून हात आपोआप 'बट' लिहितो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच पुरतं. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवतात, पण ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी मांडून कुणी दाखवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. 'टू'चंही तेच. आपण कौतुकाने म्हणतो, तिकडे त्याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त. पण मला धास्ती असते 'क्वाइट'ची. 'क्वाइट गुड' वाचून अमेरिकन माणूस 'चांगलीच आहे' समजतो, इंग्रज बहुतेकदा 'बरी आहे' समजतो. आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हटलं तर दोघांनाही 'अगदी अशक्य'च कळतं! स्पेलिंग बरोबर, त्यामुळे कॉम्प्युटर लाल रेघही मारत नाही.

मत सरांचं, ते परस्पर कसं बदलणार? फोन लावला.

"अहो मॅडम, बरी कसली? वर्गात पहिली आहे ती!"

मग 'क्वाइट गुड'च्या जागी तेच लिहिलं. आणखी एक विचारायचं होतं. मीही मराठी माध्यमातलीच.

"सर, ते ऑल्दो ठेवायचंच का? मराठी माध्यम म्हणजे उणीव, असं होतंय. 'दहावीपर्यंत मराठीत शिकली आणि वर्गात पहिली आली' असं लिहू या का?"

सर थोडा वेळ गप्प होते. "तिला किती जड गेलं, ते तिकडे कळायला नको?"

मुलगी समोर बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "राहू दे ना ताई. अकरावीत पहिले सहा महिने मला वर्गात काही कळायचं नाही. खरंच आहे ते."

मी 'बट' खोडला, 'टू'चं 'व्हेरी' केलं. 'ऑल्दो'भोवती पेन्सिलीने गोल केला होता, तो शब्द तसाच ठेवला. पत्र त्याच आठवड्यात गेलं. गोल केलेली प्रत अजून माझ्या खणात आहे.