न सोडलेली गाठ

दाराआडची पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही. आजोबा गेल्यापासून एकट्या असलेल्या आजींना पोचवलेलं गेल्या महिन्याचं रेशन: पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेल, सगळं जसंच्या तसं. आपणच मारलेली दुहेरी गाठसुद्धा. आजींनी आजची पिशवी तिच्याच शेजारी ठेवली, "देव तुमचं भलं करो" म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

तीन जिने चढून न्यायचं आणि ते असं पडून राहायचं. वाईट वाटलं. रागही आला, खोटं कशाला लिहू.

रात्री बायबलातलं मत्तय २५ उघडलं. "मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात." समाचार, म्हणजे भेटून विचारपूस. आजार बरा केलात, असं तिथे म्हटलेलं नाही. भुकेल्याला खायला देणं आहेच, पण ते वेगळं सांगितलंय. आपण दोन्ही एकाच पिशवीत भरून मोकळे होतो.

हातात पिशवी असली की समोरचा माणूस घेणारा होऊन बसतो. कसं चाललंय विचारलं तर "बरं आहे" म्हणणार. प्रार्थना करू का विचारलं तर नाही म्हणायची त्याला सोयच उरत नाही. ख्रिस्ती नसलेल्या घरात तर हे ओझं दुप्पट. म्हणून रेशनची फेरी वेगळी, भेटीचा वार वेगळा, आणि भेटीला हात रिकामे.

आदल्या दिवशी फोन करायचा. दोघांनी जायचं, घरात बाई एकटी असेल तर दोघांत एक बाई हवीच. वेळ दुपारी चारनंतरची. घरी वीस-पंचवीस मिनिटं, दवाखान्यात दहा पुरे. खाटेवर न टेकता खुर्ची जवळ ओढायची, म्हणजे त्यांना मान वर करून बोलावं लागत नाही. मग ऐकायचं. बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. तेवढं त्यांचं बरोबर होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. "देवाची इच्छा" किंवा "विश्वास कमी पडला" म्हटलं की दुखणाऱ्या माणसाला वर अपराधीही वाटायला लागतं. बरं होण्याची हमी आपण द्यायची नाही, आणि गोळ्या बंद करा असं तर कधीच सांगायचं नाही.

प्रार्थना त्यांच्याच शब्दांत, दोन मिनिटं. गुडघा म्हणाल्या तर गुडघ्यासाठीच. बायबलातलं स्तोत्र २३ सहा वचनांचं आहे, तेवढं पुरतं. मन फारच काळवंडलं असेल तर स्तोत्र ८८ वाचावं. ते अंधारातच संपतं, तरी प्रार्थनाच आहे. आणि तिथे ऐकलेलं प्रार्थनासभेत विनंती म्हणून मांडायचं नाही. एकदा बाहेर गेलं की ते घर पुन्हा बोलत नाही.

मयताच्या घरी पहिले दहा-बारा दिवस माणसांना तोटा नसतो. जायला हवं दीड-दोन महिन्यांनी, पहिल्या नाताळाला, वर्षाच्या तारखेला. आजोबा गेल्याची तारीख वहीत शोधली. नाही. तांदळाचं वजन मात्र दर महिन्याचं आहे.

एकटीसाठी भात कोण लावतं...

येशूने विहिरीवर त्या शोमरोनी, म्हणजे यहूद्यांना परक्या असलेल्या, बाईकडे आधी पाणी मागितलं. जिवंत पाण्याचं, म्हणजे देवाच्या देणगीचं, बोलणं नंतर. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवू घालून ठेवलं नाही; विणकाम शिकवलं, छापखाना शिकवला, आणि पुढे रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्याच हातांनी छापून झालं. आजींकडे आपण आजवर काहीच मागितलेलं नाही. त्यांना कितीतरी भजनं पाठ आहेत.

असो, राग गेला. पिशवी तिथे आहे तर असू दे.

गुरुवारी चारनंतर जायचं, वहिनींना सोबत घेऊन. आजींकडे चहा मागायचा, त्यांच्या हातचा. तांदळाचं विचारायचं नाही. आजोबांची तारीख विचारायची.