डेव्हॉर्गिलाचं माहेर शोधताना

स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसहून बसने न्यू अ‍ॅबी गावात उतरलो आणि घरांच्या मागे लालसर दगडाची ती भिंत दिसली, छप्पर नाही, नुसत्या कमानी आणि वर आभाळ. ही स्वीटहार्ट अ‍ॅबी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ. गॅलोवे प्रांताच्या लेडी डेव्हॉर्गिलाने १२७३ मध्ये नवऱ्याच्या, म्हणजे जॉन बेलियलच्या आठवणीसाठी बांधायला घेतली. त्याचं हृदय तिने हस्तिदंती पेटीत जपलं होतं असं सांगतात, आणि १२९० मध्ये ती गेली तेव्हा ते तिच्यासोबतच पुरलं. आत तिचा पुतळा आहे, डोकं तुटलेलं, पण हातात हृदय अजून आहे. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

ही प्रेमकथा सगळे सांगतात, मला मात्र तिचं घराणं बघायचं होतं. स्कॉटलंडची चर्चमधली जन्म-लग्नाची रजिस्टरं सुरू होतात १५५३ पासून, म्हणजे १३व्या शतकातल्या बाईसाठी दानपत्रं आणि वारसाहक्काची भांडणं हाच आधार. वडील अ‍ॅलन, गॅलोवेचे लॉर्ड. आई मार्गारेट, राजघराण्यातल्या हंटिंग्डनच्या अर्ल (सरदार) डेव्हिडची थोरली मुलगी, आणि खरा धागा इथेच आहे! १२९० च्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या गादीची वारस असलेली लहानगी राणी मार्गारेट वारली आणि १३ जण हक्क सांगायला आले. डेव्हॉर्गिलाचा मुलगा जॉन १२९२ मध्ये राजा झाला तो आजीच्या थोरलेपणावर, समोरचा रॉबर्ट ब्रूस तर त्या आजीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे एका पिढीने जवळचा, तरी हरला. डेव्हॉर्गिला जानेवारीत गेली, आणखी आठ महिने जगली असती तर हा हक्क आधी तिचाच होता, हे लक्षात आलं आणि खूप हळहळ वाटली.

दुसऱ्या दिवशी डंड्रेनन अ‍ॅबी. इथे अ‍ॅलनना १२३४ मध्ये पुरलं. दगडी योद्ध्याचा तुटका पुतळा त्यांचाच मानतात. औरस मुलगा नाही, म्हणून जमीन तीन मुलींत वाटली गेली, त्यावरून गॅलोवेत बंडही झालं.

रात्री वहीत झाड काढलं. वडिलांकडून अ‍ॅलन, रोलंड, उख्ट्रेड, फर्गस. आईकडून मार्गारेट, अर्ल डेव्हिड, हेन्री आणि वर राजा डेव्हिड पहिला. म्हणजे फर्गस आणि हा राजा, दोघेही तिचे खापरपणजोबा. एडिंबरामधली होलीरूड अ‍ॅबी या राजाने ११२८ मध्ये स्थापन केली, आणि फर्गस सगळं सोडून शेवटी तिथेच राहायला गेला, ११६१ मध्ये तिथेच वारला. उद्या सकाळची एडिंबराची गाडी आहे.